जुन्या गाडीचा नाद



नाद कुणाला नसतो? आपल्या वऱ्हाडात कुणाला भजनाचा नाद, कुणाला पटाच्या बैलांचा, कुणाला कुस्तीचा. मी पेशानं कृषी विस्तार अधिकारी. उगवण तपासून बियाणं पेरा, माती परीक्षण करा, खर्चाचा हिशेब ठेवा, असं सांगत गावोगाव हिंडणारा माणूस. अशा माणसाला मोडक्या जीपचा नाद असावा, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण आज नुसतं हसवायला बसलो नाही. या नादानं मला काय दिलं ते सांगायचं आहे, आणि त्यापायी माझ्या घरावर काय गुदरलं तेही सांगायचं आहे.

गोष्ट २०११ सालची. तेल्हारा तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. वावरातून परत येताना त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात चहाला बसलो. पाहतो तर कडब्याच्या पेंढ्यांआड एक जीप उभी! उंच बॉनेटची, १९७२ सालची, पेट्रोलवर चालणारी. आजोबा होते तोवर चालली. आजोबा गेले आणि गाडी जागच्या जागी बसली. मागच्या सीटवर कोंबडी रवणीला बसलेली होती.

"साहेब, परवा भंगारवाला येऊन राह्यला," तो शेतकरी म्हणाला. "तुमाले काय करा लागते तिचं?"

मला काय करायचं होतं ते मलाही धड ठाऊक नव्हतं. पण भंगारवाल्यानं सांगितलेल्या किमतीवर थोडे जास्त देऊन मी ती घेतली आणि ट्रॅक्टरमागे दोर बांधून तेल्हाऱ्याला आणली. दारात गाडी पाहून आमची मंडळी म्हणाली, "पगार झाला की लोक सोनं आणतात. तुम्ही लोखंड आणलं." कागदपत्रं नीट करायला पुढे कित्येक महिने खेटे घातले, ते सांगत बसत नाही.

आमच्याकडे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "बंद पडलेली गाडी ढकलून चालू करायची नाही. निजलेल्या माणसाला कोणी लाथ मारून उठवते काय?" त्यांनी जे केलं ते सांगतो. घरात जुनं इंजिन, मग ते पंपाचं का असेना, पडून असेल तर तुमच्याही उपयोगी पडेल. त्यांनी आधी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं आणि एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी हँडल घालून इंजिन हातानं सावकाश फिरवलं. अडकलेली रिंग तेलानं सुटली. मग टाकी उतरवून धुतली, जुनं पेट्रोल फेकलं, रेडिएटर साफ केला, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या. सगळ्यात शेवटी ठिणगी. आणि हँडल मारताना अंगठा मुठीत धरायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलट झटका दिला तर मनगट जातं.

पाचव्या दिवशी ती खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. काय सांगू! पहिल्या पेरणीनंतर वावरात हिरवी ओळ दिसावी, तसं मला झालं.

मग मी या गाडीचं कूळ शोधू लागलो. जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांच्या वर जीप बांधल्या. १९४५ साली युद्ध संपलं आणि विलीज कंपनीनं तीच गाडी नागरिकांसाठी काढली. आणि गंमत म्हणजे ती विकायला निघाले ते शेतकऱ्याकडे. नांगर ओढेल, पट्ट्यावर यंत्र फिरवेल आणि रविवारी बाजारालाही नेईल, अशी तिची जाहिरात. आपल्याकडे १९४५ साली दोघे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. मुंबईत माझगावला तिनं विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे खेड्यापाड्यांत आमच्या खात्याचा माणूस, डॉक्टर आणि निवडणुकीचा उमेदवार हे तिघंही याच गाडीतून उतरू लागले.

एकट्याचा नाद फार दिवस टिकत नाही, त्याला सोबती लागतात. मला ते आपोआप मिळत गेले. एका निवृत्त गुरुजींकडे राजदूत मोटारसायकल होती, दुधाच्या कॅनपासून नवरा-नवरीपर्यंत सगळं वाहून नेलेली. एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे वडिलांची अॅम्बॅसिडर. मिस्त्रींची स्वतःची फियाट. आणि एका पाटलांकडे इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर, पस्तीस अश्वशक्तीचा, त्यांच्या वडिलांनी घेतलेला. आवाज असा की आंधळ्यानंही ओळखावा.

वर्षातून दोन-तीनदा, पेरणी आटोपली की किंवा कापसाची पहिली वेचणी घरात आली की, एखाद्या रविवारी आम्ही निघतो. तेल्हाऱ्याहून हिवरखेडच्या बाजूनं, संत्र्याच्या आणि केळीच्या बागांमधून, सातपुड्याच्या पायथ्याला वारीच्या हनुमानापर्यंत. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या चालीनं मागे सगळे. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. कुणाची गाडी बंद पडली तर सगळ्यांच्या गाड्या उभ्या. आणि बंद पडतेच! मग बॉनेट उघडायचं, पाचही डोकी आत घालायची, पाच जणांनी सहा सल्ले द्यायचे. वान नदीच्या काठी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. जेवताना पीकपाण्याच्या, बाजारभावाच्या, लेकीबाळींच्या गोष्टी. गुरुजी एकदा म्हणाले, "गाडी हे निमित्त आहे हो. नाहीतर माणूस माणसाकडे आता फक्त मयतीला आणि लग्नाला जातो." मला ते पटलं.

अशाच एका जेवणावळीत मी अमेरिकेतल्या 'हॉट रॉड' गाड्यांची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात हेन्री फोर्डनं एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या बनवल्या. शेतकऱ्यानं त्या घेतल्या. मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावला आणि लाकूड कापलं, दळण दळलं. पुढे १९३२ साली फोर्डनं आठ सिलिंडरचं, पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन स्वस्त गाडीत बसवलं. म्हणजे पाटलांच्या ट्रॅक्टरच्या जवळपास दुप्पट. जुन्या गाड्या भंगारात स्वस्त मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातली तरुण पोरं त्या घ्यायची, मडगार्ड काढायची, बॉनेट काढायची, टप काढायची, जे जे जड ते काढायची आणि त्यात मोठं इंजिन घालायची. वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट भुईवर जाऊन कुणाची गाडी किती पळते ते पाहायची. अशा गाडीला हॉट रॉड म्हणू लागले. महायुद्धातून परतलेल्या, यंत्रांवर हात बसलेल्या जवानांनी हा नाद आणखी वाढवला. १९४८ साली त्या नावाचं मासिकच निघालं. आता तिथं डेट्रॉईट शहरालगत १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते. म्हातारी माणसं रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात आणि आपलं तरुणपण समोरून जाताना पाहतात.

मी म्हटलं, "यात नवल काय? आपला शंकरपट हेच आहे. रोजची बंडी आणि पटाची छकडी यांत फरक काय? साट्या नाहीत, बैठक नाही, नुसता सांगाडा. जे धावायला लागत नाही ते काढून टाका, एवढंच ते शास्त्र." सगळ्यांनी माना डोलावल्या. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांनी पाहिलेला. पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती आणि तेव्हा ती चालू होती (पुढे १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती कायम केली). त्यामुळे पटाच्या आठवणीनं सगळेच हळहळले.

त्या पंगतीत माझा पुतण्या वाढायला होता. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे धावायचा. त्यानं सगळं कान देऊन ऐकलं, आणि मला भरून आलं होतं की पोराला काकाच्या नादात गोडी वाटते.

त्यानं पुढच्या दोन महिन्यांत एक जुनी मोटारसायकल पैदा केली. दोन्ही मडगार्ड काढली, सायलेन्सर काढला. दिवा काढला, कारण त्याचा जुडगा जड. पुढच्या ब्रेकची तार सारखी तुटायची म्हणून तीही काढली. मला त्यानं गाडीचा फोटो दाखवला. मी काय केलं? मी त्याच्या पाठीवर थाप मारली. फोटोत ब्रेक दिसत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

२०१८ सालच्या कापसाच्या हंगामात, दिवेलागणीच्या वेळी, तो तिच्यावरून घरी येत होता. पुढे कापसानं भरलेली बंडी चाललेली. बंडीला मागे कंदील नाही, चमकणारी पट्टी नाही. गाडीला दिवा नाही. दिसली तेव्हा दहा-बारा हात अंतर उरलं होतं, आणि थांबायला फक्त मागचा ब्रेक. बैल वाचले, बंडीवाला वाचला. माझ्या पुतण्याचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मांडीत सळई घातली. आपल्याकडे तिला सगळे रॉडच म्हणतात. मी खाटेजवळ बसलो होतो. तो छताकडे पाहत म्हणाला, "काका, हॉट रॉड करा लागत होता, तो मायाच पायात बसला." तो हसला, आणि मला तोंड फिरवावं लागलं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "तुमीच तं म्हणत होते ना, जे धावायले लागत नाही ते काढून टाका म्हणून."

भरती गेली. एक पाय किंचित आखूड राहिला. भाऊ मला एक शब्द बोलला नाही. वहिनी एकदाच बोलल्या, "भाऊजी, तुमचा शब्द त्याले बापाच्या शब्दाहून मोठा होता." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी रात्र रात्र विचार केला. आदल्याच वर्षी, २०१७ च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. त्यानंतर आम्ही गावोगाव सभा घेतल्या. मी स्वतः ठासून सांगितलं होतं, "औषधाचं नाव सांगणारा पुष्कळ मिळेल. प्रमाण किती, वारा कुठला, तोंडावर काय बांधायचं, हे न सांगणारा अर्धं सांगतो; आणि अर्धं सांगणारा माणूस औषधाहून घातक." लोकांना हे सांगणारा मी, घरच्या पोराला अर्धीच गोष्ट सांगून बसलो होतो.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. त्या अमेरिकन पोरांतलीही कित्येक भर रस्त्यावर शर्यती लावून मेली आणि दुसऱ्यांनाही घेऊन गेली. म्हणून त्यांच्यातल्याच जाणत्यांनी १९३७ साली दक्षिण कॅलिफोर्नियात संघटना केली, आणि १९५१ साली वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थानं देशभराची संघटना काढली. हेतू हाच की शर्यत रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर न्यावी, आणि पट्टीवर उतरण्यापूर्वी गाडी तपासून घ्यावी. पटाचंही तसंच नाही का? पट दाणीवर होतो, भर बाजारातल्या रस्त्यावर नाही. आणि छकडीतून काहीही काढा, कासरा कोणी काढत नाही. ब्रेक धावायला लागत नाही, खरं आहे. तो थांबायला लागतो. हे एवढंसं वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही.

जीपवर मी ताडपत्री टाकली ती वर्षभर काढली नाही. सोबती आले, परत गेले. एक दिवस कार्यालयातून घरी आलो तर ताडपत्री बाजूला, बॉनेट उघडं, आणि कुबडी मडगार्डाला टेकवून पुतण्या कार्बोरेटर खोलत बसलेला. मी म्हटलं, "राहू दे रे." तो म्हणाला, "काका, गाडीची काय चुकी? उभी राहून जाम होऊन राह्यली."

तिथून तो मिस्त्रींच्या हाताखाली जाऊ लागला. आज त्याचं स्वतःचं लहानसं दुकान आहे. ट्रॅक्टर, पंप, फवारणीयंत्र, सगळं पाहतो. पोलिसाची वर्दी त्याच्या अंगावर चढली नाही, ती सल त्याच्या आणि माझ्या मनात राहणारच. दुकान झालं म्हणून ती गेली असं मी म्हणणार नाही. पण आमच्या रविवारच्या फेरीचा मुखत्यार आता तोच आहे. निघण्याआधी प्रत्येक गाडीचा ब्रेक तो स्वतः दाबून पाहतो, दिवे लावून पाहतो. गुरुजींच्या राजदूतचा मागचा दिवा लागला नाही म्हणून त्यानं एकदा त्यांना घरी परत पाठवलं. आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जो कोणी बंडी घेऊन दुकानापुढे येईल, तिच्या मागच्या बाजूला तो लाल चमकणारी पट्टी चिकटवून देतो. पैसे घेत नाही.

आता माझ्या पेशाच्या सवयीनं चार गोष्टी सांगतो. तुमच्या घरातही कुणाला हा नाद असेल.

पहिली गोष्ट, कायद्याची. कारखान्यानं बनवलेल्या आणि पुस्तिकेत नोंदलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं. एके काळी आपल्याकडे कित्येक जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. अमेरिकेतली पोरं वेगासाठी इंजिन बदलत, आपण खर्चासाठी. पण असा बदल परवानगी घेऊन, पुस्तिकेवर चढवूनच करावा लागतो. नाहीतर अपघाताच्या वेळी विम्याचा खटका उडतो आणि आयुष्यभराची कमाई जाते.

दुसरी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, काहीही न बदललेल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी निघाली आहे. पण तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. मी साधी फेरनोंदणीच करतो.

तिसरी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला त्यात आनंद आहे, मलाही आहे. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, चिरतात. त्या बदलून नव्या जातीच्या घाला. पेट्रोल गळून गाडी पेटल्यावर विचार करून उपयोग नाही.

चौथी, आणि ही आयाबहिणींनी ऐकावी. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार शिक्षा पालकाला आहे, पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पण दंडाच्या भीतीनं नको, त्या खाटेजवळ बसण्याची वेळ येऊ नये म्हणून देऊ नका. आणि आपल्या बंडीला, ट्रॉलीला मागे चमकणारी पट्टी आजच लावा. चार पैशांची वस्तू आहे.

नाद सोडा असं मी म्हणणार नाही. मीच सोडला नाही तर तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? माझी जीप लिटरला आठ-नऊ किलोमीटरच्या वर जात नाही. आमची मंडळी अजून तिला लोखंडच म्हणते, पण वारीला जाताना पुढच्या सीटवर आधी तीच बसते.

यंदाही रब्बीची पेरणी आटोपली की आम्ही निघू. वाटेत ट्रॅक्टरच्या मागे रांगेनं चाललेल्या चार म्हाताऱ्या गाड्या दिसल्या तर हात करा, थांबू. रोडगे जास्तीचेच असतात. तुम्ही घाईत असाल तर खुशाल पुढे निघून जा, आमचा राग नाही. फक्त निघण्याआधी एकदा ब्रेक दाबून पाहा.